दुसरा जबडा

दादा, काल तुझ्या दहाव्याला कावळा शिवायला पाऊण तास लागला, आणि त्याला कारण मी होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना तुला हसायचं असेल तर हसून घे. तू घाटावर उभा असतास तर पहिल्या पाच मिनिटांत ओळखलं असतंस आणि नुसत्या भुवईनं मला गप्प केलं असतंस. पण तू पिंडात होतास आणि मी पायरीवर होते, त्यामुळे या वेळी मला अडवायला कुणी नव्हतं.

वैशाखाचं ऊन. कृष्णेचं पाणी पार खाली गेलेलं, उंब्रजच्या घाटाच्या कधी न दिसणाऱ्या पायऱ्या उघड्या पडलेल्या. आपल्या चुलत्यांच्या, नानांच्या महेशनं तुझी क्रिया धरली. तुला बायको नाही, पोर नाही, चुलतभावाशिवाय दुसरं होतं कोण? त्यानं पिंडाशेजारी पानावर भात, भरलं वांगं, कपभर चहा आणि चहात बुडवायला बेकरीतले दोन बटर ठेवले. भटजी म्हणाले, या आता सगळी मागं. सगळे मागे सरले. समोरच्या उंबरावर दहा-बारा तरी कावळे बसले होते. ओरडत होते, फांदी बदलत होते, पण खाली एकही येईना.

मग नेहमीचं सुरू झालं. महेश माझ्याकडं बघत हात जोडून म्हणाला, "इलासदादा, आक्काचं म्हायेर तुटू देनार न्हाई." कावळा हलला नाही. भावकीतलं कुणी म्हणालं, "तुज्या हातच्या आंब्याला पानी घालू रं." कुणी म्हणालं, "तुजी खोली हाय तशीच ठिवू." पल्लवी, महेशची बायको, दोन वर्षांच्या लेकीला कडेवर घेऊन उभी होती. तिनं लेकीचेही हात जोडले. तरी कावळे आपले उंबरावर.

मी गप्प होते. तुझी इच्छा यांच्यापैकी कुणाच्याच तोंडात नाही, हे मला ठाऊक होतं. खरं सांगायचं तर ती तुझी इच्छा नव्हतीच, माझी होती. त्या बरणीत साप नव्हता, मासा होता, एवढं एक वाक्य मला नानांच्या तोंडून चारचौघांत ऐकायचं होतं. चार वर्षं मी त्यासाठी दबा धरून बसले होते. तू मेलास म्हणून सोडून देणार होते होय?

नेव्हीतून सुटून तू घरी आलास, तो दिवस मला आठवतो. आपल्या आळीतली पोरं फौजेत जातात आणि सुट्टीला येताना कॅन्टीनचं सामान आणतात. तू पाणबुड्या, सगळ्यांच्यात निराळा. तू आणलीस हातभर उंचीची काचेची बरणी आणि तिच्यात वेटोळं करून बसवलेला मोरे ईल, सापासारखा दिसणारा समुद्रातला मासा. पिवळट अंगावर काळे ठिपके, जाड मान, तोंड वासलेलं. कारवारच्या कोळ्यांच्या जाळ्यात तो मेलेला सापडला होता, ते फेकून देत होते, तू मागून घेतलास. जहाजाच्या तळाशी आणि बेटांच्या आसपास बुड्या मारताना तू जिवंत असे किती पाहिले होतेस, ते मोजून सांगता येत नाही म्हणायचास.

आणि मी कोण? कुंडलात राहून पलूसच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारी मॅडम. ईलची आकृती मी फळ्यावर डोळे मिटून काढू शकत होते, पण जिवंत ईल माझ्या बापजन्मात पाहिला नव्हता. म्हणूनच आपलं भांडण व्हायचं. तू पाहिलेलं सांगायचास, मी वाचलेलं सांगायचे, आणि दोघांचं बरोबर निघालं तरी भांडण मिटायचं नाही.

पहिलं भांडण तोंडावरून झालं. मी म्हणाले, किती रागीट दिसतोय. तू म्हणालास, "सुने, त्यो रागावलेला न्हाई. त्यो दम घेतोय. त्याच्या कल्ल्याला झाकण नसतंय, नुसतं एक बारीक भोक असतंय. तोंड उघडझाक केल्याबिगार पानी आत जात न्हाई. बघनाऱ्याला वाटतंय, चावाय आला." मग माझ्याकडं बघून म्हणालास, "तुजंबी तोंड कायम उघडंच असतंय. पन तू मातर खरंच रागावलेली असतीस."

शनिवारी सकाळची शाळा सुटली की तू ती बरणी घेऊन सातवीच्या वर्गात जायचास. एकदा मी मागच्या बाकावर बसून तुझा तास ऐकला. पोरांना तू विचारलंस की हा साप का नाही? आणि एकेकाला बरणीला नाक लावून बघायला लावलंस. खवलं आहेत का? नाहीत. जीभ दुभागलेली आहे का? नाही. मानेपासून शेपटापर्यंत पाठीवर ही झालर कसली? पर आहे तो. डोक्यामागं हे भोक कसलं? पोरं ओरडली, कल्ला. मग तू पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला होतास त्याचं कारण कळलं. तू हात बाहीच्या आत ओढून घेतलास आणि म्हणालास, ही बाही म्हणजे ईलचा घसा. बाकीचे मासे झटकन तोंड उघडतात, पाणी आत शिरतं आणि पाण्याबरोबर भक्ष्यही. पण ईल राहतो कपारीत, तिथं असा आ करायला जागा कुठली? म्हणून त्याला देवानं दोन जबडे दिले. पुढच्यानं तो नुसतं धरतो. आणि मग घशातून हा दुसरा येतो, असं म्हणून तू बाहीतून पंजा भस्सकन बाहेर काढून पहिल्या बाकावरच्या पोरीची वेणी धरलीस. वर्ग किंचाळला आणि मग अर्धा तास हसत होता.

बावीस वर्षं मी शिकवलं, दादा. पोरांना असं हसवून शिकवता आलं नाही. त्या दिवशी मी तुला हे सांगितलं नाही. उलट घरी येताना म्हणाले की देवानं दिले असं वर्गात म्हणू नये.

शेवटचं भांडण गोबऱ्यावरून झालं होतं आणि ते अर्धवटच राहिलं. गोबरा मासा ईलच्या बिळासमोर येऊन डोकं हलवतो, ईल बाहेर पडतो आणि दोघं मिळून शिकारीला जातात, असं तू सांगितलंस. उघड्यावर पळेल ते गोबऱ्याचं, फटीत शिरेल ते ईलचं. मी म्हणाले, हे मीही वाचलंय, पण याला मैत्री म्हणू नकोस, सोय म्हण. तू म्हणालास, "दोगांचं काम हुतंय न्हवं? मग नाव तुला काय द्यायचं ते दे." मी आणखी काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात माझी कुंडलची गाडी आली.

त्यानंतरच्या पावसाळ्यात पल्लवीचं पोटातलं बाळ सातव्या महिन्यात गेलं. ती जेवेना, झोपेना, दारातून उठेना. नानांनी कुठल्याशा देवऋष्याला विचारलं. तो म्हणाला, तुमच्या भावकीत एक नाग विनासंस्काराचा पडलाय, त्याची गती झालेली नाही. झालं. शाळेतली बरणी सगळ्या गावानं पाहिलेली होती. आपल्याकडं मेलेला नाग दिसला तरी लोक त्याला रीतसर अग्नी देतात, आणि इथं तर तू नाग बाटलीत भरून पोरांना दाखवत होतास.

मला महेशनं फोन केला. मी कुंडलहून निघाले ती कराडपर्यंत मनातल्या मनात नानांशी भांडत आले. पोचले तेव्हा नदीकाठी पाटावर तुझा ईल दुधानं धुऊन ठेवलेला होता. त्याच्यावर हळद-कुंकू, झेंडूची फुलं. मी नानांसमोर उभी राहिले आणि म्हणाले, "आवं नाना, ह्यो मासा हाय. कल्ला बघा. जलमभर किस्नंतली वाम खाल्लीसा तुमी, तुमाला मासा कळत न्हाई?" नाना म्हणाले, "तू कॉलेजात शिकीव. हितं शिकवू नगंस." ते शाळा कमिटीचे चेअरमन, वयानं मोठे, आणि चार माणसं त्यांच्या मागं उभी. ते माझ्याकडं बघतसुद्धा नव्हते.

ईलच्या गळ्याखाली मला पांढऱ्या दोऱ्याचे टाके दिसले. चार-पाच, अगदी नीट घातलेले. मला वाटलं, त्या देवऋष्यानं काहीतरी करणी काढायचं सोंग केलं असणार. तेही नानांच्या खात्यावर मी जमा केलं.

आणि मग तू समोर आलास. तुझं डोकं भादरलेलं होतं. नुसतं डोकं नाही, ती मिशीही गेली होती, नेव्हीतली, टोकं वर वळवलेली, आई जिला दृष्ट लागेल म्हणायची ती मिशी. ओल्या पंच्यानं तू त्या माशाला अग्नी दिलास. बरणीतल्या औषधाचा धूर झाला, सगळ्यांचे डोळे चुरचुरले, बायका म्हणाल्या, बघा, नागाचा कोप. मी तुला हाताला धरून बाजूला घेतलं आणि विचारलं, का गप्प बसलास? तू म्हणालास, "तिच्याकडं बघवंना, सुने." बस, एवढंच. मी म्हणाले, तू भित्रा आहेस. पाण्याखाली शूर आणि जमिनीवर गोगलगाय. तू उपरण्यानं डोळे पुसलेस. धुरानं असेल.

तेव्हापासून शनिवारचे तास बंद झाले. कुणी बंद केले हे मी विचारलं नाही, कारण मला उत्तर ठरवून ठेवायचं होतं. गाव तुला नागवाला म्हणायला लागलं. चहाच्या टपरीवर, तुझ्या तोंडावर. नानांनी एकदाही कुणाला टोकलं नाही. आणि पल्लवी हळूहळू जेवायला लागली, पुढं तिला मुलगी झाली, नागपंचमीला ती त्या जागी दिवा लावायला लागली, तसा नानांचा शब्द गावात आणखीच वजनदार झाला. हे सगळं मी कुंडलमध्ये बसून ऐकत होते आणि आत साठवत होते.

मग मी तुलाही शिक्षा केली. चार दिवाळ्या मी भाऊबीजेला आले नाही. पहिल्या वर्षी तू फोन केलास, "येतीस न्हवं?" मी म्हणाले, डोक्यावर नि ओठावर केस आले की कळव. केस आले तरी मी आले नाही. दुसऱ्या वर्षी म्हणालास, तुज्यासाठी काय तरी ठिवलंय. मी म्हणाले, राहू दे. नंतर तू फोनवर बोलावलं नाहीस, नुसता दिवाळीचा नमस्कार करायचास. तुझ्यावर सूड घेणं किती सोपं होतं बघ. नुसतं यायचं नाही, एवढंच करायचं होतं. मला तेव्हा ते फार शहाणपणाचं वाटायचं. दहा दिवसांमागं महेशचा फोन आला की सकाळी आंघोळीला गेलेला तू परत आला नाहीस, तेव्हा माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की आता पाचवी दिवाळी माझ्या हातात राहिली नाही.

रडले मी, खूप रडले. पण रडून झाल्यावर राग होता तिथंच होता, आणि तुझ्या वाट्याचाही आता नानांच्याच अंगावर आला. दहाव्याला त्यांना तिथं उभं राहावंच लागणार होतं. म्हणून मी काल ती छत्री घेऊन गेले.

आता कळलं ना? आईची छत्री. गच्चीवर कुरडया वाळत घातल्या की आई ती फाटकी काळी छत्री अर्धवट उघडून काठीला उलटी टांगायची. वाऱ्यानं ती फडफडायची आणि कावळ्यांना वाटायचं, आपल्यातलं कुणीतरी मरून लटकतंय. कुरडयांच्या जवळपास एक कावळा फिरकायचा नाही. तुझ्या पिंडापासून चार पायऱ्या वर मी ती छत्री तशीच धरून उभी होते, काडी मोडलेली, कापड लोंबणारं. बघणाऱ्याला वाटावं की म्हातारी होत चाललेल्या बाईला ऊन सोसत नाही, आणि दुःखात छत्री नीट धरायचंही भान नाही. मनगट जरा हलवत राहिले की झालं.

पाऊण तासानं भटजी घड्याळ बघायला लागले. म्हणाले, दर्भाचा कावळा करू. तेव्हा मी बोलले. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"दर्भाचा नगं. दादाची इच्छा मला ठावं हाय. त्या बरणीत मासा हुता, ह्ये नानांनी सांगावं. तवाच शिवल."

सगळे नानांकडं बघायला लागले. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, काठी टेकून उन्हात उभा. मला वाटलं होतं ते चिडतील, आणि चिडले की मी चार वर्षांचं सगळं तिथंच बाहेर काढणार होते. एकेक वाक्य तयार होतं माझं. ते चिडले नाहीत. ते आधी पल्लवीकडं बघून म्हणाले, "पल्लवे, पोरगी उनानं लाल झालीया. तिला घिऊन गाडीत बस जा." ती गेली. मग महेशला म्हणाले, "ह्या समद्यास्नी वर घिऊन जा. गर्दीनं कावळा बुजतोय." माणसं कुरकुरत वर गेली, भटजीही गेले. घाटावर नाना, मी आणि तू एवढेच उरलो. चारचौघांत म्हणावं ही माझी अट होती, ती त्यांनी अशी मोडली.

ते दोन पायऱ्या खाली आले आणि तुझ्या पिंडाकडं बघत बोलले. माझ्याकडं नाही.

"मासा हुता. मला काय कळत न्हाई व्हय? इलासनं मला आदल्या दिशीच सांगिटलं. म्हनला, नाना, मासा हाय, पन पल्लवीला नाग वाटतोय तर नाग म्हनून जाळू या. लेकरू जाळाय मिळालं न्हाई तिला, कायतरी जाळू दे. फकस्त कुनाला बोलू नगासा. तिच्या कानावर गेलं तर पुन्ना पयल्यासारकं हुईल. आनि सुनीला तर आजिबात नगं. तिच्या पोटात ऱ्हानार न्हाई."

तयार ठेवलेलं एकही वाक्य आता उपयोगाचं नव्हतं. मी विचारलं, "आनि गाव त्याला नागवाला म्हनत हुतं, तवा?"

"त्यानंच गप बसाय सांगिटलं हुतं."

"आनि तुमी बसला."

"बसलो," नाना म्हणाले. मग काठीनं माझ्या हाताकडं दाखवलं. "आता मीट ती छत्री. वैनीबी कुरडयांवर आशीच टांगायच्या."

मी छत्री मिटली. ती गुंडाळून होईपर्यंत कावळा खाली आला. त्यानं भात बघितला नाही, वांगं बघितलं नाही, बटर उचलला आणि उंबरावर गेला. वरून महेश म्हणाला, शिवला, शिवला. लोकांनी हात जोडले. नाना डोळे पुसत वर चढायला लागले आणि मी त्यांना हात दिला नाही.

नाही दिला. तू म्हणशील, आता तरी सोड. का सोडू? तू त्यांना गप्प बसायला सांगितलंस हे खरं, पण गप्प बसणं त्यांना किती सोयीचं होतं ते बघ. गावात शब्द वाढला त्यांचा. मिशी गेली ती तुझी, तास गेले ते तुझे. टपरीवर कुणी नागवाला म्हणालं तेव्हा, बाबा रे, तसं म्हणू नको, एवढं सांगायला काही पल्लवीचं गुपित फोडावं लागत नव्हतं. इतपत राग मी राखून ठेवणार आहे. तेवढा माझा हक्क आहे आणि तो तू मेल्यानं बुडत नाही.

पण उरलेला राग कुणाच्या नावावर करू ते सांग. सगळं आटपल्यावर मी तुझ्या खोलीत गेले. नाना खोटं बोलत असतील असं मला अजून वाटत होतं. खरं म्हणजे ते खोटं निघावं असं वाटत होतं. तुझी नेव्हीची ट्रंक उघडली. वर घड्या घातलेले शर्ट, सगळे पूर्ण बाह्यांचे. त्यांच्या खाली आईचा फोटो, आणि फोटोच्या मागं एक काडेपेटी, पांढऱ्या दोऱ्यानं बांधलेली. ईलच्या टाक्यांचा तोच दोरा होता, जाड, मेण लावलेला. पेटीवर तुझ्या त्या ठळक अक्षरात लिहिलेलं होतं, सुनीची ओवाळणी. आणि खाली बारीक, उंब्रजात उघडू नये.

मी उंब्रजातच उघडली. तुझं ऐकायची मला सवय नाही.

कापसात दोन हाडं होती, पेरभर लांब, स्वच्छ धुतलेली, आणि त्यांच्यावर मागं वळलेले दात. ईलच्या घशातला दुसरा जबडा. पुस्तकात मी तो शंभर वेळा पाहिला होता, हातात पहिल्यांदा घेतला. म्हणजे अग्नी द्यायच्या आधी तू बसून, शांतपणे, माशाचा गळा उघडून हा काढून घेतला होतास आणि परत टाके घातले होतेस. कुणी तुझ्यावर जबरदस्ती केली नव्हती. तू घाबरला नव्हतास. तुला काय जाळायचं आणि काय राखायचं ते पक्कं ठाऊक होतं, आणि राखलेलं तू माझ्यासाठी राखलं होतंस. पहिल्याच भाऊबीजेला ते माझ्या ताटात पडलं असतं. कुंडलला नेऊन मी ते उघडलं असतं आणि मला सगळं कळलं असतं. मी आले नाही. चार वर्षं ते आईच्या फोटोमागं पडून राहिलं.

दादा, याला काय म्हणू? पहिल्या जबड्यानं तू मला कधी धरलं नाहीस, हात धरून सांगितलं नाहीस, ओरडला नाहीस. आणि आता तू नसताना हा दुसरा कुठून आला? तुला भित्रा म्हणाले होते. तो शब्द मी मागे घेते, पण कुणाकडून घेऊ? रागही येतो तुझा, इतका येतो की ट्रंक लाथेनं ढकलली मी. मला का नाही सांगितलंस? माझ्या पोटात राहणार नाही, एवढीच माझी किंमत केलीस? बहीण आहे मी तुझी, टपरीवरची नव्हे.

मी जमिनीवर तशीच बसले होते, तेवढ्यात पल्लवी चहा घेऊन आली, मागं लेक. मी पेटी मुठीत लपवली. जबडा बाहेरच राहिला होता, तोही मुठीत, दात तळहाताला टोचत होते. तिनं कप ठेवला आणि गेली नाही. पदर नीट केला, लेकीच्या केसांवरून हात फिरवला.

"आक्का, येक इचारू? मला गाडीत पाठीवलं आनि मामंजी काय बोललं वं? बोलल्याबरोबर कावळा शिवला म्हनं." मग अगदी हळू, "तुमी म्हनत हुता, मासा हुता म्हून. खरंच मासा हुता का?"

ती माझ्याकडं बघत होती. दादा, तू म्हणाला होतास, तिच्याकडं बघवंना. मी चार वर्षं ते वाक्य तुझा पळपुटेपणा म्हणून गावभर मिरवलं. काल पहिल्यांदा मी तिच्याकडं नीट बघितलं. माझ्या तोंडात खरं तयार होतं. चार वर्षं तेच तर हवं होतं, आणि विचारायलाही आता तीच आली होती. नानांचा शब्द एका क्षणात मातीत मिळाला असता.

"न्हाई गं," मी म्हणाले. "नागच हुता. मला लांबनं नीट दिसलं नव्हतं. मामंजी म्हनालं, इलास, नागाचं तू नीट केलंस, आता तुजंबी नीट हुईल."

तिनं डोळे मिटून जोडलेले हात कपाळाला लावले. लेकीलाही लावायला लावले. मग म्हणाली, "च्या गार हुतोय," आणि गेली.

सोमवारी कॉलेज आहे. मी पूर्ण बाह्यांचा ब्लाउज शिवायला टाकलाय, शिंपीण म्हणाली, मॅडम, वैशाखात? हा जबडा मी वर्गात दाखवीन आणि कुणी दिला ते नावानिशी सांगेन. उंब्रजात मात्र तो दिसणार नाही. माझ्या पोटात राहणार नाही म्हणाला होतास ना? राहिलं.